‘लव्हलेस’चा हिशेब

रॉक संगीताचा इतिहास वाचणाऱ्याला एक आकडा वारंवार भेटतो : अडीच लाख पौंड. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या चौघांच्या बँडने ‘लव्हलेस’ हा आपला दुसरा अल्बम तयार करताना १९८९ ते १९९१ या काळात एवढा पैसा उडवला आणि त्या खर्चापायी ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’ ही त्यांची छोटी, स्वतंत्र कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, अशी ती कथा आहे. तिच्यात हट्टी कलावंत आहे, कपाळाला हात लावून बसलेला मालक आहे, आणि शेवटी साऱ्या मनस्तापाचे सार्थक करणारी कलाकृतीही आहे. अशा कथा टिकतात, कारण त्या सांगायला सोप्या असतात. पण इतिहास लिहू पाहणाऱ्याने तिला दोन-तीन साधे प्रश्न विचारायला हवेत. हा आकडा कोणी सांगितला? दुसऱ्या कोणी वेगळा सांगितला का? आणि कोणता आकडा कोणाच्या सोयीचा होता?

या प्रश्नांच्या मागे आणखी एक प्रश्न उभा आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. ‘स्वतंत्र’ म्हणवणाऱ्या व्यवस्थेत एखादी मोठी कलाकृती जन्माला येते, तेव्हा तिची किंमत प्रत्यक्षात कोण मोजतो?

‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ

ब्रिटनमध्ये ‘इंडिपेंडंट’ किंवा ‘इंडी’ हा शब्द आज एका विशिष्ट धाटणीच्या संगीतासाठी वापरला जातो. सुरुवातीला मात्र त्याचा अर्थ रोकडा आणि व्यापारी होता. जानेवारी १९८० पासून तिथे स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांची वेगळी विक्री-यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात शिरायला संगीत कोणत्या प्रकारचे आहे याची अट नव्हती. ध्वनिमुद्रिका बड्या कंपन्यांच्या वितरणयंत्रणेतून न जाता दुकानात पोचली पाहिजे, एवढीच अट होती. म्हणजे स्वातंत्र्य मोजले जात होते ते गठ्ठे कोणाच्या गाडीतून जातात यावर. लंडनच्या ‘रफ ट्रेड’ने देशभरातल्या वितरकांना जोडून जे जाळे उभे केले, त्याच्यावर ही सारी इमारत उभी होती.

मराठी वाचकाला हे जग अगदीच परके वाटू नये. साठच्या दशकातल्या आपल्या अनियतकालिकांचा प्रश्नही हाच होता. लिहिणारे होते, छापणेही कसेबसे जमत होते. अडत होते ते अंक वाचकाच्या हातापर्यंत पोचवण्यापाशी आणि पुढच्या अंकाचा कागद आणण्यापाशी.

‘क्रिएशन’ची स्थापना १९८३ साली लंडनमध्ये झाली. ॲलन मॅगी, डिक ग्रीन आणि जो फॉस्टर हे तिचे संस्थापक. मॅगी मूळचा ग्लासगोचा, ब्रिटिश रेल्वेत कारकुनी केलेला. सरकारने बेकारांना स्वतःचा धंदा काढता यावा म्हणून त्या सुमारास आठवड्याला चाळीस पौंड देणारी एक योजना सुरू केली होती. तिचा लाभ घेतलेल्यांत मॅगीचे नाव नेहमी घेतले जाते. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला बेकारीचे आकडे खाली आणायचे होते आणि तरुणांना उद्योजक बनवायचे होते. त्या पैशातून अनेक चित्रकार, विनोदवीर आणि ध्वनिमुद्रिका काढणारे जगले. स्वतंत्र संगीताच्या पायात सरकारी खजिन्याचा हा चिरा आहे, आणि तो सहसा कोणी दाखवत नाही.

पाच दिवसांचे काम

माय ब्लडी व्हॅलेंटाइनची सुरुवात १९८३ साली डब्लिनमध्ये झाली. केव्हिन शील्ड्सचा जन्म न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा. तो दहा वर्षांचा असताना कुटुंब आयर्लंडला परतले. तिथे त्याची ड्रमवादक कोलम ओ कीसोगशी मैत्री झाली. पुढे बेस गिटार वाजवणारी डेबी गूज आली आणि १९८७ मध्ये बिलिंडा बुचर गायिका व गिटारवादक म्हणून सामील झाली. तोवर बँड लंडनला स्थिरावला होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘क्रिएशन’ने त्यांचा ‘इझन्ट एनिथिंग’ हा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम काढला. वेल्समधल्या एका स्टुडिओत, फारशी झोप न घेता, जेमतेम दोन आठवड्यांत त्याचे ध्वनिमुद्रण उरकले होते. समीक्षकांनी तो उचलून धरला.

दुसऱ्या अल्बमचे काम फेब्रुवारी १९८९ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागातल्या ‘ब्लॅकविंग’ स्टुडिओत सुरू झाले. कंपनीचा अंदाज होता की ध्वनिमुद्रण पाच दिवसांत आटपेल. आधीचा अनुभव पाहता तो अवाजवी नव्हता. पण महिने उलटले तरी हाती काही लागेना. सप्टेंबरमध्ये बँड वॉपिंग भागातल्या ‘एलिफंट’ स्टुडिओच्या तळघरात गेला आणि तिथे आठ आठवडे राहिला. तिथून पुढे एकामागून एक स्टुडिओ बदलत गेले. सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा हिशेब एकोणीस स्टुडिओंचा आहे. कुठे शील्ड्सला खोलीचा आवाज पटला नाही, कुठे यंत्रे धड नव्हती, कुठे तंत्रज्ञाशी जमले नाही.

मधल्या काळात दोन छोट्या ध्वनिमुद्रिका बाहेर पडल्या : एप्रिल १९९० मध्ये ‘ग्लायडर’ आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘ट्रेमोलो’. अल्बम खरोखर तयार होत आहे याचा बाहेरच्या जगाला मिळालेला एवढाच पुरावा. ‘ग्लायडर’वरचे ‘सून’ हे गाणे ॲलन मोल्डर या तंत्रज्ञासोबत पूर्ण झाले. ज्याच्यावर शील्ड्सने मनापासून भरवसा ठेवला अशा फार थोड्यांपैकी तो एक. मोल्डर दुसऱ्या कामांसाठी गेल्यावर त्याची जागा अंजली दत्त या तंत्रज्ञ स्त्रीने घेतली. शेवटच्या टप्प्याबद्दल आपल्याला जे कळते, त्यातले बरेचसे तिच्या आठवणींतून.

आवाज कसा घडला

इतका वेळ कशासाठी लागत होता, हे समजून घ्यायचे तर त्या आवाजाविषयी थोडे सांगायला हवे. काही इलेक्ट्रिक गिटारींना तारांच्या तळाशी धातूचा एक दांडा असतो. तो दाबला किंवा ओढला की तारांचा ताण बदलतो आणि स्वर खाली-वर सरकतो. बहुतेक वादक तो अधूनमधून, सजावटीसाठी वापरतात. शील्ड्स फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटारी वाजवताना तो दांडा हातातून सोडतच नसे. तारा छेडणारा हातच दांडा धरून असल्यामुळे प्रत्येक आघाताबरोबर सहाही तारा किंचित सरकत. आपल्याकडची मींड एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाते. इथे संपूर्ण स्वरसंघात जागच्या जागी डुलत राहतो. यामाहाच्या एका यंत्राने त्याला उलट्या प्रतिध्वनीची जोड दिली. नेहमीचा प्रतिध्वनी विरत जातो, हा फुगत येतो.

ऐकणाऱ्याला वाटते की शेकडो गिटारी एकमेकींवर रचल्या आहेत. शील्ड्सने हा समज वारंवार खोडून काढला आहे. त्याच्या म्हणण्यानुसार प्रत्यक्षात गिटारीचे थर अगदी मोजके आहेत. म्हणजे वेळ थर चढवण्यात गेला नाही. एकच थर मनासारखा लागेपर्यंत थांबण्यात, आणि तो मनासारखा लागला आहे की नाही हे ठरवण्यात गेला. खर्चाची चर्चा करताना हे लक्षात ठेवावे लागते. निर्णय लांबणीवर पडत असताना स्टुडिओचे भाडे मात्र चालूच होते.

गायन मुख्यतः १९९१ च्या मे-जूनमध्ये ‘ब्रिटानिया रो’ आणि ‘प्रोटोकॉल’ या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित झाले. गाय फिक्सन या तंत्रज्ञाने सांगितलेली हकीकत अशी : गाणाऱ्यांची खोली आणि तंत्रज्ञांची खोली यांच्यामधल्या काचेवर शील्ड्स आणि बुचरने पडदे लावले होते. गाणे चालू असताना तंत्रज्ञांनी ते ऐकायचे नाही, असा दंडक होता. टेपच्या यंत्रावरचे काटे हलले की समजायचे, कोणीतरी गात आहे. काटे थांबले की टेप मागे न्यायची. चांगले जमले असेल तर पडदा सरकवून आतून हात हलवला जाई. शब्द रात्ररात्र बसून लिहिलेले असत. आणि अल्बममध्ये तेच शब्द गिटारीच्या ओघात इतके बुडाले आहेत की सहज ऐकता त्यांतले निम्मेही कळत नाहीत. जे ऐकू येऊ नये असे ठरवले, त्यावरही तेवढीच मेहनत घेतली गेली.

शेवटचे मिश्रण क्राउच एंड भागातल्या ‘द चर्च’ या स्टुडिओत झाले. गाणी एकमेकांना जोडताना यंत्राच्या गोंधळामुळे सारा अल्बम बिघडला आणि शील्ड्सला तो आठवणीवरून पुन्हा जुळवावा लागला, अशी हकीकत आहे. एरवी एका दिवसात होणाऱ्या अंतिम प्रक्रियेला तेरा दिवस लागले.

चौघांची नावे, एकाचे काम

‘लव्हलेस’च्या आवरणावर चारही वादकांची नावे आहेत. ऐकताना मात्र बहुतांश एकच माणूस ऐकू येतो. गिटारी जवळजवळ सगळ्या शील्ड्सच्या, आणि बेसही त्याचाच. ओ कीसोग त्या काळात आजारपण आणि व्यक्तिगत अडचणींनी ग्रासलेला होता. तो वाजवू शकेल तेवढे तुकडे ध्वनिमुद्रित करून, ते यंत्रावर जुळवून बहुतेक गाण्यांचे ताल तयार केले गेले. पूर्ण बसून वाजवलेले ड्रम फक्त दोन गाण्यांत आहेत. ‘टच्ड’ नावाचा मिनिटभराचा तुकडा मात्र सर्वस्वी त्याचा. गूज सुरुवातीला जवळजवळ रोज स्टुडिओत जात असे. पुढे आपली इथे गरजच नाही असे वाटू लागल्यावर तिचे जाणे कमी झाले, असे तिने नंतर सांगितले.

याला केवळ हुकूमशाही म्हणणे अन्यायाचे होईल. बुचरचा आवाज आणि तिचे शब्द हा अल्बमचा अर्धा प्राण आहे. पण बँड या संस्थेची एक मूळ कल्पना असते : चार माणसे एका खोलीत एकत्र वाजवतात आणि त्यातून कोणा एकाचे नसलेले काहीतरी निघते. ती कल्पना इथे मोडली. आपल्या नाटकवेड्या वाचकांना हे ठाऊक असेल. संस्थेचे नाव पाटीवर राहते, तालमीला सगळे जमतात, आणि एका टप्प्यावर लक्षात येते की नाटक आता एकाच दिग्दर्शकाच्या डोक्यात चालले आहे. नाटक उत्तम होते, पण वाट पाहत बसलेल्यांची वर्षे त्याच्या खर्चात कोणी धरत नाही.

आकड्याची चौकशी

आता अडीच लाखांकडे वळू. हा आकडा कंपनीच्या बाजूने पसरला आणि वृत्तपत्रांनी तो उचलला. शील्ड्सने तो कधीच मान्य केला नाही. पण त्याची स्वतःची विधानेही एकमेकांशी जुळत नाहीत. अल्बम निघाल्यानंतर लगेच, डिसेंबर १९९१ मध्ये, त्याचे म्हणणे होते की सांगितल्या जाणाऱ्या रकमेतला बराचसा भाग म्हणजे तीन वर्षे जगायला लागलेले पैसे, आणि प्रत्यक्ष काम फक्त चार महिन्यांचे. नंतर त्याने स्टुडिओंचे भाडे आणि तंत्रज्ञांचे मानधन यांची बेरीज करून सांगितले की फार तर १,६०,००० पौंड होतील. त्यांतलेही बरेचसे बँडचेच होते आणि कंपनीच्या खिशातून गेले ते पंधरा-वीस हजार, असाही त्याचा दावा आहे. कंपनीतला डिक ग्रीन हा शील्ड्सचा अंदाज थोडा कमी मानतो, फरक वीसेक हजारांचा. गंमत अशी की ग्रीनची ही दुरुस्ती स्वीकारली, तरी बेरीज अडीच लाखांपर्यंत पोचत नाही.

मग अडीच लाखच का टिकले? मला वाटते, कारण तो आकडा सर्वांच्याच कामाचा होता. १९९१ हे ‘क्रिएशन’चे फार कठीण वर्ष होते. त्याच वर्षी रफ ट्रेडची वितरणव्यवस्था कोसळली आणि अनेक छोट्या कंपन्यांचे पैसे अडकले. त्याच शरद ऋतूत ‘क्रिएशन’ने तीन मोठे अल्बम बाहेर आणले : सप्टेंबरमध्ये प्रायमल स्क्रीमचा ‘स्क्रीमाडेलिका’, आणि नोव्हेंबरमध्ये टीनेज फॅनक्लबचा ‘बँडवॅगनेस्क’ व ‘लव्हलेस’. या तिन्ही कामांना पैसा लागला होता. १९९२ मध्ये मॅगी-ग्रीन यांनी कंपनीचा ४९ टक्के हिस्सा सोनीला विकला. एवढ्या मोठ्या घडामोडीला अनेक कारणे असतात : वितरण, कर्जे, विस्ताराची घाई, अनेक बँडांचे खर्च. पण ‘एका वेड्या प्रतिभावंताने आम्हाला बुडवले’ हे कारण सांगायला सोपे आणि ऐकायला रंजक. मालकाला त्यात कलेसाठी सर्वस्व पणाला लावल्याचा मान मिळतो. वृत्तपत्रांना बातमी मिळते. आणि श्रोत्याला आपण ऐकतो ती वस्तू अमूल्य असल्याची पावती मिळते.

खर्चाचा दुसरा पुरावा आकड्यांपेक्षा बोलका आहे. १९९१ च्या उन्हाळ्यात ‘ब्रिटानिया रो’चे बिल ‘क्रिएशन’ला भरता आले नाही, आणि स्टुडिओने बँडचे साहित्य अडकवून ठेवले. ते सोडवायला शील्ड्सला स्वतः पैशांची जमवाजमव करावी लागली, असे दत्तने सांगितले आहे. इथे व्यवस्था उघडी पडते. अल्बमचा खर्च एका खिशातून जात नव्हता. तो थकलेल्या बिलांच्या रूपाने स्टुडिओंवर, चणचणीच्या रूपाने कंपनीतल्या इतर बँडांवर, आणि वाया गेलेल्या वर्षांच्या रूपाने बँडच्याच सदस्यांवर पसरत होता. कोणीही बसून ‘एवढा पैसा या कामाला मंजूर’ असे ठरवले नव्हते. तसे ठरवले असते तर पाच दिवसांनंतर, किंवा फार तर पाच महिन्यांनंतर, काम बंद पाडले गेले असते. बड्या कंपनीच्या हिशेबनिसाने तेच केले असते. ‘लव्हलेस’ पूर्ण झाला, कारण तिथे हिशेब कधीच पूर्ण होत नव्हता.

नंतर

‘लव्हलेस’ ४ नोव्हेंबर १९९१ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. अमेरिकेत तो ‘सायर’ने काढला, आणि ‘सायर’ वॉर्नर या बड्या कंपनीच्या छत्राखाली होती. म्हणजे समुद्रापलीकडे गेल्यावर तो शब्दशः ‘स्वतंत्र’ नव्हताच. ब्रिटनच्या विक्री-यादीत तो चोविसाव्या क्रमांकापर्यंत चढला. समीक्षकांनी गौरवले, पण ‘क्रिएशन’ला वाचवील असे यश हे नव्हते. थोड्याच काळात मॅगीने बँडशी संबंध तोडले. शील्ड्सबरोबर पुन्हा काम करण्याची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

१९९२ मध्ये बँडने ‘आयलंड’ या मोठ्या कंपनीशी करार केला. आता पैसा होता, आणि त्यातून दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेथम भागात त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. ना भाडे, ना घड्याळ, ना एकोणीस पत्ते. आणि त्या स्टुडिओतून अल्बम आला नाही. १९९५ मध्ये गूज आणि ओ कीसोग बाहेर पडले. तिसरा अल्बम प्रकटला तो २ फेब्रुवारी २०१३ रोजी, एकवीस वर्षांनी, कोणत्याही कंपनीविना, बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर.

यावरून ‘कलावंताला टंचाईच मानवते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो मी टाळतो. टंचाईने त्याच बँडमधल्या दोघांना काय दिले, हे वर पाहिलेच. निष्कर्ष एवढाच निघतो की शील्ड्सला थांबवणारे काहीतरी बाहेर असावे लागत होते : थकलेले बिल, संतापलेला मालक, जप्त झालेल्या गिटारी. ‘क्रिएशन’ने नकळत ते काम केले, आणि त्याची किंमत अनेकांनी, बहुतेक न विचारता, मोजली.

मालकीची कथा याहून वळणाची आहे. सोनीच्या हिश्श्यामुळे आणि पुढे १९९९ च्या अखेरीस ‘क्रिएशन’ मिटल्यामुळे हा ‘स्वतंत्र’ अल्बम वर्षानुवर्षे एका जागतिक कंपनीच्या ताब्यात राहिला. २०१२ चे पुनर्प्रकाशन सोनीनेच केले. २०२१ मध्ये बँडचे जुने काम ‘डॉमिनो’ या स्वतंत्र कंपनीकडून पुन्हा बाजारात आले. तीस वर्षांनी ‘लव्हलेस’ पुन्हा स्वतंत्र कंपनीकडे आला.

राहता राहिले श्रेय. ‘लव्हलेस’च्या आवरणावर तंत्रज्ञांची भलीमोठी नावांची यादी आहे. शील्ड्सने पुढे सांगितले की त्यांतल्या अनेकांनी फारसे काही केले नव्हते, काहींनी तर केवळ चहा आणून दिला होता, तरी सगळ्यांची नावे घातली. हे औदार्य होते की मिश्कीलपणा, हा वेगळा मुद्दा. पण अशा व्यवस्थेत काम पुरे होण्यासाठी किती हात लागतात, याची तेवढीच एक नोंद छापील स्वरूपात उरली आहे. बिलांची वाट पाहणारे स्टुडिओमालक, आपल्या अल्बमची पाळी येण्याची वाट पाहणारे इतर बँड आणि न वाजवलेल्या बेससाठी रोज तळघरात जाणारी डेबी गूज यांच्या वाट्याला आलेल्या खर्चाची नोंद त्या यादीत नाही. पुढच्या वेळी कुठे अडीच लाखांचा आकडा वाचनात आला, तर तो या साऱ्यांसह मोजावा.